रानाची कडी

माझी रानकुत्री त्यांनी घालवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याबद्दल पुढं मी जे काही बरं बोलेन, ते ही एक गोष्ट वजा करून घ्यायचं आहे.

सरकारी नोकरीत जनावरांचे डॉक्टर म्हणून त्यांची सगळी उमेद गडहिंग्लज आणि चंदगडच्या बाजूला गेली. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात कळंब्याच्या तळ्याच्या अंगाला छोटं घर बांधून राहिले. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत, आणि अक्का नवऱ्याला उद्देशून जे बोलायच्या ते बहुतेक वेळा भिंतीकडं बघून बोलायच्या.

माझं उचगावात पंप आणि मोटारींचं दुकान आहे. आज त्याला काचेचं दार आहे, पण सुरुवात रस्त्याकडेला पत्र्याखाली बसून जळालेल्या मोटारींची तार उलगडण्यापासून झालेली आहे. समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा खोटा असतो, या एका समजुतीवर मी सगळं उभं केलं. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, असं घरचे म्हणतात. गिऱ्हाईक मात्र परत येतं.

डॉक्टरांच्या विहिरीची मोटर जळाली म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक मोठा फोटो होता. धुकं, ओलं गवत, आणि त्यात मान वळवून उभं असलेलं एक अवाढव्य जनावर.

"बैल जबरी हाय," मी म्हणालो. "कुणाचा?"

"त्याचा त्योच," डॉक्टर म्हणाले.

मग मी जवळ जाऊन पाहिलं. पाय गुडघ्यापासून खाली पांढरे. गवा होता. पण माझी चूक होण्यासारखीच होती. रानातलं जनावर फोटोत एकतर पळत असतं, नाहीतर बिचकलेलं असतं. हा तसा नव्हता. आपण गोठ्यात शिरलो की दावणीचं जनावर रवंथ न थांबवता बघतं, 'आलास व्हय' असं, तसा तो बघत होता. मी पाइप जोडताना दोनदा उठून त्या फोटोपुढं जाऊन उभा राहिलो.

काम झाल्यावर मी मोटारीची किंमत सांगितली. अर्थात पहिला आकडा. तो खाली आणण्यासाठीच सांगायचा असतो. डॉक्टरांनी आत जाऊन तेवढे पैसे आणून माझ्या हातावर ठेवले. मी उभाच राहिलो. असं वाटलं, कुस्तीला खडाखडी घालायला हात पुढं करावा आणि समोरच्यानं सरळ पाठ टेकून झोपावं. दिवसभर ते पचलं नाही. दुसऱ्या दिवशी एक नवा व्हॉल्व्ह घेऊन गेलो आणि म्हटलं, हा कालचा राहिला होता. डॉक्टर म्हणाले, "बसा की पावणं. च्या घ्या." अशी आमची ओळख झाली.

ते सगळ्यांनाच पावणं म्हणत. मला, दूधवाल्याला, वीज कापायला आलेल्या माणसाला. पावणं म्हणताना अहोजाहो करत आणि त्यात नेहमी थोडी चेष्टा असे. पण एखाद्या गोष्टीत खरा रस आला की ते एकदम 'मर्दा' आणि अरेतुरेवर येत. समोरचा त्यांच्या लेखी किती जवळचा आहे हे त्यावरून कळे. मला मर्दा व्हायला वर्ष लागलं.

त्यांचा कॅमेरा जुना होता आणि तो तांदळाच्या डब्यात असे. चंदगडला पाऊस असा की भिंतीवर शेवाळ आणि चपलेवर बुरशी येते. तिथं असताना ओल लागू नये म्हणून ही सवय लागली, ती सुटली नाही. तांदूळही साधा चालायचा नाही, आजऱ्याचा घनसाळच पाहिजे. त्यामुळं डॉक्टर कॅमेरा डोळ्याला लावून बसले की शेजारी बसणाऱ्याला वासानं भूक लागे, आणि रानात कुठंही बसून उठले की मागं चार दाणे सांडलेले असत. अक्का भिंतीला सांगत, "लोकांच्या घरात तांदळात बोरिक पावडर असती. आमच्यात कॅमेरा."

रानात जायचं तर ते एसटीनं जात. माझी गाडी दारात उभी असली तरी. कॅमेऱ्याचा डबा पिशवीत घालून मांडीवर घ्यायचा, खिडकीची जागा धरायची. शेजारचे विचारायचे, "कुठं जेवाण हाय व्हय?" हे म्हणायचे, "व्हय. चंदगडला." मी एकटाच गाडी घेऊन मागनं जायचो आणि चंदगड स्टँडवर त्यांची वाट बघत बसायचो. कारण विचारलं तर म्हणाले, "गाडीनं मानूस लगीच पोचतंय. पोचल्यावर मग तितं बसून यायची वाट बघाय लागती." मला ते त्या वेळी कळलं नाही. एसटीनं डिझेल वाचतं हे पटत असलं तरी हे आजही पटलेलं नाही.

मला फोटोचा नाद त्यांनीच लावला. लावला म्हणजे काय, मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. मी वापरलेला एक कॅमेरा आणि लांबचं लेन्स घेतलं, ते आधी त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी कॅमेरा गुडघ्यावर घेतला, कपाटातनं स्टेथोस्कोप काढला, त्याचं तोंड कॅमेऱ्याच्या पोटाला लावलं आणि मला म्हणाले, "दाबा." मी बटण दाबलं. खटाक. "आनि एकदा." खटाक. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "घ्या पावणं. तब्येत बरी हाय. मालकानं जपलंय." मी हसलो, पण नंतर त्या कॅमेऱ्यानं मला कधी दगा दिला नाही हेही खरं.

आता कडीचं सांगतो, कारण सगळं भांडण त्यावरनंच आहे.

जुन्या कॅमेऱ्याच्या आत एक आरसा असतो. बटण दाबलं की तो वर जातो आणि परत पडतो, त्याचाच तो खटाक आवाज. रानातल्या फोटोवाल्यांना हा आवाज शत्रूसारखा वाटतो. कुणी कॅमेऱ्याला कापडी अंगडं घालतं, कुणी एकच फोटो काढून श्वास धरून बसतं. डॉक्टर उलटं करत. जनावर दिसलं की लेन्सचं झाकण न काढताच ते बटण दाबत. खटाक. मग थांबत. जनावर कान टवकारे. पुन्हा, जरा वेळानं, खटाक. जनावर इकडं बघे. निघून गेलं तर गेलं. थांबलं, तर मग डॉक्टर झाकण काढत.

"हे काय कराय लागलाय?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"कडी वाजवालोय," ते म्हणाले. "कुणाच्या घरात जाताना वाजिवता का न्हाई? का तसंच आत शिरता?"

"घरात मानसं असत्यात."

"हितं कोण हाय मग?"

गवे या आवाजाला सरावले होते की डॉक्टर योग्य वेळ साधत होते, कोण जाणे, पण गवे सहसा जात नसत. ते बघत आणि पुन्हा चरायला लागत. मला ही गंमत वाटायची. गव्यांपुरती गंमत ठीक आहे.

चंदगडकडं डोंगरात माझ्या एका गिऱ्हाइकाची काजूची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला, जिथं त्याचं कुंपण संपून रान सुरू होतं, तिथं एक डबरं आहे, उन्हाळ्यातही पाणी धरणारं. त्याला मी पंप स्वस्तात दिला होता, त्या बदल्यात तिथं पाल्याचा आडोसा करून बसायची परवानगी घेतली होती. एका सकाळी आम्ही दोघं त्या आडोशात बसलो होतो. मी तीन सुट्ट्या त्या डबऱ्यावर घालवल्या होत्या, कारण बागेच्या राखणदारानं तिथं रानकुत्री पाहिली होती. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी. कळपानं राहतात आणि माणसाचा वास आला की दिसत नाहीत. आमच्या भागात त्यांचा चांगला फोटो असलेला माणूस मला माहीत नव्हता. तो मी होणार होतो.

आणि आली. आधी आईचं डोकं झुडपातनं बाहेर आलं, मग तिच्या पायांतनं पिल्लं. अजून पाण्यापर्यंत आली नव्हती. अर्धं अंग पाल्यात होतं, मी श्वास रोखून आणखी चार पावलं पुढं येण्याची वाट बघत होतो.

माझ्या कानाजवळ आवाज आला. खटाक.

झुडूप हललं. मग तिथं नुसतं झुडूप होतं.

मी जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आज नगं म्हणाली ती." मी म्हणालो, "ती न्हाई म्हणाली, तुमी हाकलून दिली." ते म्हणाले, "कडी वाजिवली तर हाकलणं हुतंय व्हय? घरातनं कोण आलं न्हाई, तर परत जायचं." मी लेन्स पिशवीत कोंबलं, त्यांना तिथंच सोडलं आणि गाडी घेऊन कोल्हापूर गाठलं. तसंही ते एसटीनंच येणार होते.

त्यानंतर पावसाळाभर मी त्यांच्याकडं गेलो नाही. त्यांचा फोन यायचा, मी उचलायचो नाही. एकदा अक्कांनी घनसाळ पाठवला, तो ठेवून घेतला. तांदळाशी माझं भांडण नव्हतं.

त्याच दिवसांत नवे कॅमेरे आले. आले म्हणजे बाहेर कधीच आले होते, पण राजारामपुरीतल्या माझ्या ओळखीच्या दुकानात तेव्हा दिसायला लागले. मिररलेस. आत आरसाच नाही. आरसा नाही म्हणून खटाकही नाही. दुकानदारानं माझ्यासमोर बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. स्क्रीनवर बघतो तर फोटो निघालेला. एक नाही, चाळीसेक. मला त्या डबऱ्याची सकाळ आठवली.

किंमत मात्र अशी होती की त्यात दुकानासाठी एक बरा टेंपो आला असता. टेंपोची मला गरज होती. रोज भाड्याच्या गाडीनं मोटारी पाठवत होतो. जुना कॅमेरा आणि लेन्स बदल्यात दिले तरी अर्धाच टेंपो वाचत होता. घरी बायको म्हणाली, "पाखरं बघायला डोळं हाईत की." मी म्हणालो, मी अजून ठरवलेलं नाही. हे खरं होतं. मला रात्री वाटायचं घ्यावा, सकाळी दुकान उघडताना वाटायचं टेंपो घ्यावा. दुकानदाराशी मी जी घासाघीस केली तिच्यात शेवटी एवढं पदरात पडलं, की दुकानातला दाखवायचा कॅमेरा शनिवार-रविवार मला वापरायला मिळेल, मग मी ठरवायचं.

आणि तो हातात आल्याबरोबर मी गेलो कुठं, तर कळंब्याला. खरं कारण सांगायचं तर मला तो डॉक्टरांना दाखवायचा होता. बघा, तुमच्या कडीची आता गरज उरली नाही, हे तोंडावर सांगायचं होतं.

मला वाटलं होतं ते नाक मुरडतील. त्यांनी चष्मा बदलला.

"आण मर्दा, आण हिकडं."

पहिली गोष्ट स्टेथोस्कोप. तोंड कॅमेऱ्याला लावलं, मी बटण दाबलं. ते ऐकत राहिले. "दाब की."

"दाबलं."

"कवा?"

"आत्ता. आठ-दहा फोटो झालं."

त्यांनी कानातल्या नळ्या काढून साफ केल्या, परत घातल्या, परत ऐकलं. मग कॅमेरा उलटासुलटा करून बघितला, अंदाजानं वजन घेतलं, लेन्स काढून आत डोकावले. एवढ्या कुतूहलानं त्यांना काही बघताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मी दुकानदारानं शिकवलेलं सगळं सांगायला लागलो. हा जनावराचा डोळा ओळखतो, डोळ्यावर चौकोन येतो आणि जनावर हलेल तसा चौकोन हलतो.

"कुठल्या बी जनावराचा?"

"कुठल्या बी."

शेजारच्या गोठ्यात म्हैस होती. डॉक्टर लेंग्यानिशी तिच्यासमोर शेणात उकिडवे बसले. चौकोन म्हशीच्या डोळ्यावर जाऊन बसला. तिनं मान फिरवली, चौकोन फिरला. डॉक्टर लहान पोरासारखे हसले. मग म्हशीनं तोंड वळवून गव्हाणीत घातलं आणि चौकोन तिच्या डोळ्याच्या कडेला चिकटून राहिला.

"डोळा गावला ह्येला," डॉक्टर म्हणाले. "ती बघत्याय कुठं, त्ये काय ह्यो इचारत न्हाई."

"त्याला काय करायचंय?"

"न्हाई, इचारलं आपलं."

दुसरी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. बटण अर्धं दाबून धरलं की हा कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो, आणि पूर्ण दाबलं की दाबण्याच्या आधीच्या क्षणाचेही फोटो देतो. म्हणजे पाखरू उडाल्यावर बटण दाबलं तरी उडताना सापडतं.

डॉक्टरांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "म्हंजी तू दाबायच्या आदी."

"व्हय."

"मग फोटो काढला कुणी?"

"मीच की. कॅमेरा माझा हाय."

"आन् तू अर्धं दाबून धरलंस, पर पुढं दाबलंच न्हाईस, तर ते आदीचं फोटू कुठं जात्यात?"

"पुसलं जात्यात."

"बघून इसरतंय," डॉक्टर म्हणाले. "आमच्यागत झालंय की." अक्का भिंतीला म्हणाल्या, "पेन्शन बी द्या त्याला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डबऱ्यावर गेलो. या खेपेला माझी एक अट होती: आडोशात असेपर्यंत कुणी कडी वाजवायची नाही. डॉक्टर म्हणाले, "तुजं जनावर, तुजा कासरा." ते आदल्या दिवशी दुपारीच एसटीनं डबा घेऊन पुढं गेले होते.

रानकुत्री आली नाहीत. गव्यांचा कळप आला. मी नवा कॅमेरा लावून सुरू झालो. काय सांगू, इतकी मजा मला कधी आली नव्हती. गवे पाण्यात उतरले, वासरं ढुशा देत होती, एक मादी आमच्यापासून इतक्या जवळ आली की तिच्या नाकपुडीवरची माशी मला दिसत होती. कुणालाच आमचा पत्ता नाही. मी फोटोंचा पाऊस पाडत होतो आणि आडोशात चिटपाखराचा आवाज नव्हता. डॉक्टर मांडीवर डबा ठेवून नुसते बघत होते. कळप निघून जायला लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, आता वाजवा म्हणून. त्यांनी एकदा वाजवली. सगळ्यात मागच्या नरानं वळून पाहिलं. मग डॉक्टरांनी झाकण काढलं आणि एक फोटो काढला.

परत आल्यावर त्यांच्या घरच्या टीव्हीला कॅमेरा जोडून आम्ही माझे फोटो बघायला बसलो. एकेक केस मोजून घ्यावा असे फोटो. अक्कांनीसुद्धा भिंत सोडून टीव्हीकडं पाहिलं. डॉक्टर प्रत्येक फोटोला "बेस" म्हणत होते. "बेस हाय. लई बेस." आणि बरेच झाल्यावर म्हणाले, "पर मर्दा, ह्यात तू कुठं हाईस?"

"मी कशाला दिसंन? मी काढतोय."

त्यांनी भिंतीवरच्या जुन्या गव्याकडं बोट केलं. "त्यो कुणाकडं बघतोय?"

मी तिकडं पाहिलं, मग टीव्हीकडं. पुढचा फोटो लावला, त्याच्या पुढचा लावला. पाणी पिणारा, चाटणारा, चालणारा, झोंबणारा, सगळे होते. सगळ्यांचे डोळे काचेसारखे स्वच्छ आले होते. त्या ढिगात माझ्याकडं बघणारा एकही नव्हता. आपण लोकांच्या खिडकीबाहेर उभं राहून त्यांचं जेवण बघावं, तसं मला वाटायला लागलं, आणि तसं वाटायला लावल्याबद्दल मला त्यांचा भयंकर राग आला.

"ते जाऊ द्या," मी मोठ्यानं म्हणालो. "एका शब्दात सांगा. घेऊ का नगं?"

"घे की," डॉक्टर म्हणाले. "जनावर झ्याक हाय. फकस्त मुकं हाय."

त्यांनी नको म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पैसे भरून आलो असतो. माझा स्वभाव तसा आहे. त्यांनी घे म्हटलं, आणि मी अडकलो. दाखवायचा कॅमेरा दुकानात परत दिला आणि सांगितलं, बघतो. दुकानदाराला वाटलं मी ताणतोय. त्यानं पुढच्या आठवड्यात फोन करून भाव कमी केला. मी म्हटलं, बघतो. त्यानं आणखी कमी केला, वर बॅटरी देतो म्हणाला. आयुष्यातली सगळ्यात मोठी सूट मला अशी मिळाली, आणि ती मी मागितली नव्हती. मी फक्त ठरवू शकत नव्हतो. दरम्यान टेंपो मात्र घेतला, हप्त्यानं. त्याचं ठरवायला काही लागलं नाही.

मग डॉक्टरांचे गुडघे गेले. लेक हुबळीला असते, ती दोघांना घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी मला बोलावलं. खोलीत बोचकी बांधलेली. गव्याच्या फोटोची जागा भिंतीवर पांढरी दिसत होती. डॉक्टरांनी तांदळाचा डबा माझ्यापुढं सरकवला.

"ह्यो ऱ्हाऊ दे तुज्याकडं. मला आता चौथ्या मजल्यावर बसवत्यात. तितनं कुणाची कडी वाजवू?"

"ह्याचं मी काय करू?"

"काय करू नगंस. महिन्यातनं एकदा काढून चार वेळा खटखट कर. न्हाईतर आरसा धरतोय. बांधून ठिवलेलं जनावर जरा फिरवाय लागतंय."

अक्का म्हणाल्या, आणि या खेपेला थेट मला म्हणाल्या, "तांदूळ तेवढा बदला वो. जुना झालाय."

डब्याबद्दल काही देऊ का, असं मी विचारलं. ते नको म्हणणार हे मला माहीत होतं. तरी विचारायची पद्धत असते. त्यांनी हात उडवला. मला पुन्हा त्या पहिल्या मोटारीसारखं झालं.

डबा घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घेऊनच राजारामपुरीत जाऊन मिररलेस घेतला. दुकानदार शेवटची सूट सांगायला तोंड उघडत होता, त्याला मी ती सांगू दिली. बदल्यात माझा जुना कॅमेरा दिला. त्यानं पिशवीतला डबाही पाहिला. झाकण उघडून म्हणाला, "ह्यो बी द्यायचा काय?" मी म्हणालो, "हात लावू नगंस." माझा आवाज जरा चढला असावा, कारण त्याच्या नोकरानं मागं वळून पाहिलं.

या उन्हाळ्यात त्या डबऱ्यावर एकटा गेलो. गाडीनंच गेलो. पोचलो आणि आडोशात बसलो, आणि बसल्यावर बराच वेळ मी अजून आलेला नव्हतो. डोक्यात दुकान होतं, टेंपोचा हप्ता होता. हळूहळू ते गेलं. तिवईवर नवा कॅमेरा, मांडीवर डबा.

ऊन झाडांतनं खाली उतरत होतं तेव्हा ती आली. तीच असेल असं मी म्हणत नाही. तांबूस, काळ्या शेपटीची, मागं पिल्लं. माझा हात आपोआप चालू झाला. नवा कॅमेरा आवाज न करता घेत होता. चौकोन तिच्या डोळ्यावर. झुडपातनं बाहेर येताना, पिल्लाला हुंगताना, पाण्याकडं चालताना. जे त्या दिवशी गेलं ते सगळं पदरात पडलं. ती पाण्याला तोंड लावून पीत होती. पिल्लं शेजारी, शेपट्या वर. मी तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं.

मी डब्यात हात घातला. दाणे बोटांना लागले. जुना कॅमेरा बाहेर काढला आणि झाकण न काढताच दाबला.

खटाक.

तिनं मान वर केली. हनुवटीवरनं पाणी ठिबकत होतं. कान माझ्याकडं झाले, मग डोळे. पळायचं का, हे ती ठरवत होती आणि मला ते दिसत होतं. मी नव्या कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबलं. तिनं आणखी जरा वेळ पाहिलं, मग मान खाली घालून उरलेलं पाणी प्यायली. जाताना चालत गेली.

तो फोटो मी मोठा करून दुकानात मोटारींच्या वर लावला आहे. परवा उचगावच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "कुत्रं बेस हाय. तुमचं व्हय?" मी म्हणालो, "तिचं तीच." त्याला वाटलं मी भाव सांगायच्या आधी खेळवतोय.

डॉक्टरांना तो फोटो मोबाइलवर पाठवला. लगेच फोन आला. मागं टीव्ही चालू होता, तो बंद केल्याचा आवाज आला.

"मर्दा," ते म्हणाले, "कडी वाजिवलीस."

"वाजिवली."

"आदी गपचीप घेतलंसच आसशील चार-दोन."

"घेतलं की. मी काय खुळा हाय?"

ते हसले. मग विचारायला लागले. किती पिल्लं, कुठल्या बाजूनं आली, वारा कुठनं होता, डबऱ्यात पाणी किती. मी सांगत गेलो.

"कडी कवा वाजिवलीस? झुडपात हुती तवा?"

"न्हाई. पाण्याला तोंड लागल्यावर."

मग ते म्हणाले, "म्हंजी त्या दिशी मीच कडी जरा लवकर वाजिवली म्हणायची."

किती दिवस मी या एका वाक्याची वाट बघत होतो. ते कसं मिळवायचं, कुठं ताणायचं, कुठं ढील द्यायची, याची मी मनात कितीतरी वेळा तयारी केली होती. आणि त्यांनी ते त्या मोटारीच्या पैशासारखं सरळ काढून हातावर ठेवलं. घेऊन गप्प बसावं, हे शहाण्याला कळलं असतं.

"जरा न्हवं," मी म्हणालो. "लईच लवकर."

"बरं मर्दा," पलीकडून आवाज आला. "मधलं धर."

मधलं मी आजवर कुणाचं धरलेलं नाही. तसं त्यांना सांगितलं, आणि सौदा तिथंच ठेवून तांदूळ बदलायला उठलो.